मूल उशिरा बोलते तेव्हा

मूल चालू लागले की नाही, त्याला दात आले की नाही, हे घरातल्या सर्वांना सहज दिसते. बोलण्याचे मात्र तसे नसते. दोन वर्षांचे मूल अजून बोलत नाही असे आईने म्हटले, की घरातून व शेजारातून दिलासा देणारे अनेक आवाज उठतात. "मुलगे उशिराच बोलतात." "याचे वडीलही तीन वर्षांपर्यंत गप्प होते." "शाळेत घाला, चार मुलांत मिसळले की आपोआप बोलेल." हे बोलणारे सगळे मायेनेच बोलत असतात, आणि पुष्कळदा त्यांचे म्हणणे खरेही ठरते. उशिरा बोलणारी अनेक मुले पुढे कोणत्याही मदतीशिवाय इतरांच्या बरोबरीला येतात. परंतु काही मुले येत नाहीत. दोन्ही प्रकारची मुले दोन वर्षांच्या वयात वरवर सारखीच दिसतात, आणि येथेच आईवडिलांची खरी अडचण सुरू होते. वाट पाहावी तर मोलाचा काळ हातचा जातो. धावपळ करावी तर आपण विनाकारण घाबरलो असे लोक म्हणतील, ही भीती वाटते.

हा प्रश्न थोड्या कुटुंबांपुरता नाही. भारतातील पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षे वयाच्या सुमारे चार हजार मुलांची पाहणी करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. या पाच ठिकाणांत दिल्लीलगतचा हरियाणातील पलवल जिल्हा होता आणि उत्तर गोवाही होता. श्रवणदोष, अपस्मार, बौद्धिक विकासातील मंदता, स्वमग्नता, अतिचंचलता, अध्ययनातील अडचणी अशा मेंदूच्या वाढीशी निगडित अवस्थांपैकी एखादी तरी अवस्था असलेल्या मुलांचे प्रमाण दहांत एकाच्या आसपास आढळले. याचा अर्थ असा, की शहरातील प्रत्येक गल्लीत आणि प्रत्येक बालवाडीत अशी मुले आहेत. त्यांची ओळख पटलेली असते किंवा नसते, एवढाच फरक.

वाढीच्या खुणा

शब्द हा बोलण्याचा आरंभ नव्हे. शब्द येण्यापूर्वी कितीतरी महिने मूल संवाद करू लागलेले असते. साधारण दोन महिन्यांचे मूल समोरच्या चेहऱ्याकडे पाहून हसते. वर्षाच्या आतबाहेर ते आपल्या नावाला वळून पाहते, 'टाटा' करते, हात वर करून उचलून घेण्यास सांगते. दीड वर्षाच्या सुमारास ते बोट दाखवू लागते, आणि या बोट दाखवण्यात दोन वेगळे हेतू असतात. एक, 'मला ते दे.' दुसरा, 'ते बघ!' आकाशातले विमान मुलाला हवे नसते. ते आईनेही पाहावे एवढेच त्याला हवे असते. आपला आनंद दुसऱ्याबरोबर वाटून घेण्याची ही इच्छा म्हणजे भाषेचे मूळ होय.

म्हणून मूल किती शब्द बोलते एवढेच पाहून भागत नाही. ज्या मुलाला शब्द थोडे येतात पण जे खुणा करते, डोळ्यांनी विचारते, बोलावल्यावर वळते, खोटा चहा करून सर्वांना पाजते, त्याच्याविषयी काळजी कमी करावी. उलट सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसणे, दोन वर्षांपर्यंत 'बाबा आले', 'दूध दे' अशी दोन शब्दांची स्वतःची जुळणी नसणे, नावाला प्रतिसाद नसणे, बोट न दाखवणे, यांपैकी काही आढळल्यास तपासणी करून घ्यावी. आलेले शब्द किंवा आलेले हसणे-खेळणे एकाएकी नाहीसे झाले, तर वय कोणतेही असो, एक दिवसही वाट पाहू नये.

अशा खुणा भारतीय मुलांवरून ठरवण्याचे पायाभूत काम बडोद्यात झाले. तेथील विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी जन्मापासून तीस महिन्यांपर्यंतच्या बालकांच्या वाढीचा अभ्यास केला आणि अमेरिकेतील बेली यांच्या मापनश्रेणीच्या आधारे भारतीय बालकांसाठी प्रमाणके सिद्ध केली. ती १९७० साली प्रसिद्ध झाली व १९९७ साली सुधारली गेली. या श्रेणीत शारीरिक हालचालींच्या ६७ आणि मानसिक वाढीच्या १६३ बाबी आहेत. आजही अनेक रुग्णालयांत बालकांची वाढ तिच्या आधारे मोजली जाते.

दिल्ली, मुंबई यांसारख्या शहरांतील स्वमग्न मुलांच्या ९५ कुटुंबांचा अभ्यास तमारा डेली या संशोधिकेने २००४ साली प्रसिद्ध केला. त्यातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. या आईवडिलांना सर्वांत आधी खटकले ते बोलणे नव्हे, तर मुलाचे माणसांत न मिसळणे. भारतीय घर माणसांनी भरलेले असते. त्यात जे मूल कोणाकडे झेपावत नाही, ते लक्षात येते. आईला जे जाणवते ते बहुधा निराधार नसते. तिच्या शंकेला 'उगाच काळजी करतेस' हे उत्तर पुरेसे नाही.

आधी कान, मग इतर गोष्टी

जे मूल बोलत नाही त्याचे कान प्रथम तपासले पाहिजेत. थाळी वाजवल्यावर मूल दचकते, एवढ्यावरून त्याला नीट ऐकू येते असे ठरत नाही. मोठे आवाज ऐकू येतात, पण बोलण्यातील 'स', 'फ', 'त' यांसारखे सूक्ष्म ध्वनी ऐकू येत नाहीत, असेही घडते. झोपलेल्या मुलाच्या डोक्याला लहान तारा लावून ध्वनीला मेंदू प्रतिसाद देतो की नाही हे पाहण्याची जी तपासणी असते, तिला सर्वत्र 'बेरा' म्हणतात. ती वेदनारहित असते.

दिल्ली व आसपासच्या पालकांना अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, कलावती सरन बालरुग्णालय अशा सरकारी संस्थांमध्ये बालकांची तपासणी करून घेता येते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील व सरकारी शाळेतील मुलांची तपासणी करून, गरज असेल त्यांना जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवण्याची तरतूद आहे. मोठ्या रुग्णालयांत तारीख मिळण्यास वेळ लागतो, हे खरे. परंतु तारखेची वाट पाहत असताना घरी काहीच करू नये असे मात्र नाही. ते पुढे पाहू.

स्वमग्नतेचे निदान रक्ताच्या तपासणीने किंवा मेंदूच्या छायाचित्राने होत नाही. तज्ज्ञ मुलाला खेळताना पाहतात आणि आईवडिलांना सविस्तर विचारतात. सिकंदराबाद येथील राष्ट्रीय मानसिक अपंगत्व संस्थेने २००९ साली एक भारतीय मापनश्रेणी तयार केली. तीत ४० बाबी असून प्रत्येक बाबीला एक ते पाच गुण दिले जातात. एकूण गुण ७० किंवा अधिक झाल्यास स्वमग्नता आहे असे मानले जाते. सरकारी प्रमाणपत्रासाठी हीच श्रेणी वापरली जाते.

अनेक भाषांचे घर

दिल्लीतील मराठी कुटुंबांपुढे एक खास प्रश्न उभा राहतो. घरी मराठी, खाली अंगणात हिंदी, बालवाडीत इंग्रजी, आणि सांभाळणारी बाई बंगाली किंवा भोजपुरी बोलणारी. मूल बोलेनासे झाले की पहिला संशय या भाषांवर येतो आणि "घरी मराठी बंद करा" असा सल्ला मिळतो.

या सल्ल्याला संशोधनाचा आधार नाही. दोन किंवा तीन भाषा ऐकल्याने मुलाला वाचादोष होत नाही, स्वमग्नताही होत नाही. अशा घरातील मूल एका भाषेतील शब्द दुसऱ्या भाषेत मिसळते. तो गोंधळ नसून वाढीचा एक टप्पा असतो. त्याचे शब्द मोजायचे तर सर्व भाषांतील मिळून मोजावेत. घरची भाषा बंद करण्याने नुकसान मात्र निश्चित होते. आईला ज्या भाषेत लाड करता येतात, रागावता येते, गाता येते, ती सोडून तिने जुजबी इंग्रजीत 'सिट', 'कम', 'ईट' एवढेच बोलायचे ठरवले, तर मुलाच्या कानावर पडणारे बोलणे एकदम तुटपुंजे होते. आजीशी तर त्याचे नातेच तुटते. ज्या मुलाचा माणसांशी असलेला धागा आधीच नाजूक आहे, त्याच्याकडून घरची भाषा काढून घेणे ही मोठी चूक होय.

दोष कोणाचा?

निदान झाल्यानंतर, किंवा ते होण्यापूर्वीच, घरात दोष शोधणे सुरू होते. आई नोकरी करत होती, गर्भारपणी ग्रहण पाळले नाही, बाळाला मोबाइल दाखवला, दोघांनी वेगळा संसार थाटला. बोट बहुतेक वेळा आईकडेच वळते.

हे दोषारोपण केवळ आपल्याकडचे नाही. विज्ञानानेही काही काळ ते केले आहे. अमेरिकेतील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन करून या अवस्थेला नाव दिले. मुलांच्या आईवडिलांविषयी त्यांनी जी निरीक्षणे नोंदवली होती, त्यांतून पुढे असा समज रूढ झाला, की आईच्या थंड स्वभावामुळे मूल स्वतःत मिटून जाते. शिकागोचे ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाने हा समज जगभर पोहोचवला. हजारो आयांनी हा आरोप मुकाट्याने सोसला.

त्याला उत्तर दिले ते पालकांनीच. स्वतः मानसशास्त्रज्ञ आणि स्वमग्न मुलाचे वडील असलेले बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ सालीच या अवस्थेचे मूळ शरीरात, मेंदूच्या घडणीत आहे असे साधार मांडले होते. ब्रिटनमध्ये १९६२ साली पालकांनी एकत्र येऊन आपली संस्था काढली. १९७७ साली ब्रिटनमधील जुळ्या मुलांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा मोठा वाटा स्पष्ट झाला, आणि नंतरच्या संशोधनाने तो अधिकच दृढ केला. लशीमुळे स्वमग्नता होते असा दावा करणारा १९९८ सालचा निबंध तर २०१० साली त्या नियतकालिकाने मागे घेतला. मोबाइलचा पडदाही स्वमग्नतेचे कारण नव्हे. मात्र पडद्यापुढे गेलेला तास माणसांशी बोलण्यातून वजा होतो. म्हणून दोन वर्षांखालील मुलाला तो नको आणि त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाहून अधिक नको.

दिल्लीतही वाट घडवली ती एका आईने. मेरी बरुआ यांनी आपल्या मुलासाठी मदत शोधताना देशात या विषयाची माहिती किती थोडी आहे हे अनुभवले आणि १९९१ साली 'ॲक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था स्थापन केली. पुढे तिची शाळा निघाली, शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले, दक्षिण दिल्लीतील जसोला येथे केंद्र उभे राहिले. या संस्थेच्या कार्यक्रमांपैकी एक विशेष लक्षणीय आहे. त्यात मुलाला तज्ज्ञाच्या हाती सोपवून पालकांनी बाहेर बसायचे नसते. पालक आणि मूल दोघांनी मिळून यायचे, काही आठवडे राहून शिकायचे आणि शिकलेले आपल्या गावी घेऊन जायचे.

घरी काय करावे

पालकांच्या हातून खरोखर काही घडते का, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी गोव्यातील 'संगथ' या संस्थेने पाकिस्तानातील रावळपिंडी येथील सहकाऱ्यांसह एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. दोन ते नऊ वर्षांची ६५ स्वमग्न मुले त्यात होती. तज्ज्ञ डॉक्टरांऐवजी प्रशिक्षण घेतलेल्या साध्या आरोग्यसेविका घरी जात. आई मुलाशी खेळत असताना त्यांचे चित्रण करीत आणि नंतर दोघी ते मिळून पाहत. मुलाने कोठे पाहिले, आईने ते कोठे ओळखले, कोठे घाई केली, यावर बोलणे होई. अशा बारा बैठकींनंतर आया मुलांच्या लयीशी अधिक जुळवून घेऊ लागल्या आणि मुले आपणहून आईशी अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. याच धर्तीचे काम पुढे दिल्लीतही हाती घेण्यात आले.

या पद्धतीचे सूत्र साधे आहे, पण आचरणात आणण्यास संयम लागतो. मूल जेथे आहे तेथे आपण जावे. मूल गाडीची चाके फिरवत बसले असेल, तर "गाडी नीट चालव" असे न म्हणता त्याच्यासमोर जमिनीवर बसावे आणि दुसरे चाक आपण फिरवावे. त्याने वर पाहिले, की "फिरलं!" एवढा एकच शब्द म्हणावा. मग थांबावे. हे थांबणेच सर्वांत कठीण असते. मोठी माणसे शांतता सहन करू शकत नाहीत, ती एकामागून एक प्रश्न विचारतात, "हे काय आहे? कोणता रंग? सांग ना!" मूल प्रश्नांच्या माऱ्याखाली आणखी मिटते. प्रश्न कमी करावेत आणि मूल जे पाहते त्याला नाव द्यावे.

त्याला हवी असलेली प्रत्येक वस्तू मागण्यापूर्वीच हातात देऊ नये. बिस्किटाचा डबा दिसेल पण हाताला येणार नाही अशा जागी ठेवावा. मुलाने हात धरून नेले, बोट दाखवले किंवा 'बि' म्हटले, तरी ती मागणीच समजून लगेच द्यावे. 'पूर्ण शब्द म्हणशील तरच देईन' अशी अट घालू नये. स्नान, जेवण, कपडे घालणे ही रोजची कामेच या शिकवणीचे वर्ग होत. त्यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत.

हट्ट आणि कासाविशी

अशा मुलांच्या रडण्या-ओरडण्याने आईवडील सर्वांत अधिक खचतात. येथे एक भेद ओळखला पाहिजे. हट्ट करणारे मूल मधूनमधून तुमच्याकडे पाहते. वस्तू मिळाली की शांत होते. कासावीस झालेले मूल कोणाकडे पाहत नाही आणि मागितलेली वस्तू दिली तरी शांत होत नाही. मेट्रोच्या डब्यातील गर्दी व घोषणा, लाजपतनगरच्या बाजारातील दिवे, लग्नातील बँड, दिवाळीचे फटाके, या साऱ्यांचा मारा काही मुलांना खरोखर असह्य होतो. त्या क्षणी उपदेश, धाक किंवा चापट यांचा उपयोग नसतो. त्याला शांत जागी न्यावे, बोलणे थांबवावे आणि जवळ राहावे.

खरा उपाय आधीचा असतो. कोणत्या वेळी, कोठे, कशानंतर असे होते याची पंधरा दिवस वहीत नोंद ठेवली, की कारण बहुधा हाती लागते. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावल्यास पुढे काय होणार हे मुलाला कळते आणि त्याची धास्ती कमी होते. दिवाळीत खिडक्या बंद ठेवणे, कानांवर आवाज रोखणारे आच्छादन घालणे, लग्नघरी थोडाच वेळ जाणे, ही तडजोड म्हणजे लाड नव्हेत.

घरातील इतर माणसे

एकट्या आईने सर्व भार वाहणे शक्य नाही आणि योग्यही नाही. वडिलांनी दिवसातील एक काम, मग ते स्नान असो वा संध्याकाळचे फिरणे, संपूर्णपणे आपले मानावे. आजी-आजोबांना निदान समजावून सांगताना वाद घालण्यापेक्षा त्यांच्याकडे एखादी निश्चित जबाबदारी सोपवणे अधिक उपयोगी ठरते. जी आजी रोज दहा मिनिटे तेच गाणे, त्याच हावभावांनी, मधल्या ओळीला थांबून म्हणते, ती मुलाला मोठीच मदत करीत असते.

भावंडांचा विचार बहुधा शेवटी होतो. आठ वर्षांची ताई समजूतदार आहे असे म्हणत तिच्यावर सारे सोडले जाते. तिलाही राग येतो, मैत्रिणींसमोर लाज वाटते आणि त्या लाजेचीही लाज वाटते. हे तिला मोकळेपणाने बोलता आले पाहिजे, आणि आठवड्यातील थोडा वेळ तरी आई किंवा बाबा केवळ तिचे असले पाहिजेत.

शाळा आणि कायदा

दिल्लीत मूल तीन वर्षांचे होण्याआधीच नर्सरी प्रवेशाची चिंता सुरू होते. एके काळी इवल्या मुलांच्या मुलाखती होत, आणि न बोलणारे मूल तेथेच बाद होई. दिल्ली उच्च न्यायालयाने नेमलेल्या अशोक गांगुली समितीच्या शिफारशींनंतर, २००७ सालापासून, अशा मुलाखतींना मनाई आहे. खाजगी शाळांच्या प्रारंभीच्या वर्गांत विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी तीन टक्के जागांची तरतूदही आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाच्या २१ प्रकारांत स्वमग्नता व वाचा-भाषादोष यांचा समावेश केला, आणि अपंगत्वामुळे प्रवेश नाकारणे बेकायदेशीर ठरवले.

कायद्याने दार उघडते. वर्गात मूल रमते की नाही हे शिक्षकांवर अवलंबून असते. म्हणून प्रवेशाच्या वेळी मुलाची अडचण लपवू नये. मुलाला काय आवडते, ते कशाने घाबरते, शांत कसे होते आणि हवे ते कसे मागते, हे एका कागदावर लिहून शिक्षिकेला द्यावे. असा कागद तिला वैद्यकीय अहवालाहून अधिक उपयोगी पडतो. ज्या शाळेचे दार नावापुरतेच उघडे आहे, तिच्या नावलौकिकापेक्षा घराजवळची, लहान वर्गांची आणि ऐकून घेणारी शाळा बरी.

स्वमग्नता औषधाने बरी होत नाही, आणि ती बरी करून देण्याचे आश्वासन देणाऱ्यांपासून दूर राहावे. त्यासाठी घातलेला पैसा आणि काळ मुलाच्या शिकण्यातून वजा होतो. काही मुले पुढे अस्खलित बोलतात, काही थोडे बोलतात, काही चित्रांनी किंवा यंत्राच्या साह्याने सांगतात. दोन वर्षांच्या मुलाकडे पाहून यांपैकी काय होईल हे कोणीही निश्चित सांगू शकत नाही. परंतु मदत लवकर सुरू झाली, तर मुलाला आपले म्हणणे दुसऱ्यापर्यंत पोहोचवण्याचा एखादा मार्ग लवकर सापडण्याची शक्यता वाढते. तो मार्ग सापडला की रडणे-ओरडणेही पुष्कळ कमी होते. शंका आली त्याच आठवड्यात कानांची तपासणी ठरवावी आणि त्याच संध्याकाळी मुलासमोर जमिनीवर बसावे. यांपैकी दुसऱ्या गोष्टीसाठी कोणत्याही रुग्णालयाच्या तारखेची गरज नसते.